वाकळीत शोभादर्शकाची नक्षी जुळवताना

मराठवाड्यात वाकळीसाठी जुन्या इरकली लुगड्यांचे काठ जपून ठेवलेले असतात; शोभादर्शकासारखी नक्षी साधायची असेल तर हेच काठ सर्वांत उपयोगी, कारण त्यांवरचा नमुना ठरावीक अंतराने पुन्हा येत राहतो. कापण्याआधी दोन छोटे आरसे ४५ अंशांच्या कोनात काठावर उभे धरले, की आठ पाकळ्यांचे फूल कसे दिसेल ते तिथेच कळते. आवडलेल्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा त्रिकोणी साचा ठेवावा (टोकाचा कोन ४५ अंश, उरलेले दोन साडेसदुसष्ट, तिन्ही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा जागा), त्यावर नक्षीची खूण पेनाने उतरवावी आणि तीच खूण जुळवून आठही तुकडे एकेक करून कापावेत. थर लावून एकदम कापण्याचा मोह टाळलेलाच बरा, कारण जुने कापड सरकते. तिरक्या कडा ताणल्या जातात, म्हणून कापडाला आधी खळ द्यावी. दोन-दोन, मग चार-चार तुकडे जोडावेत आणि दोन्ही अर्ध्या भागांच्या कडा पट्टी लावून तपासल्यावरच मधली शिवण घालावी. तिथली माया उकलून इस्त्री केली नाही, तर मध्यभागी गाठ येते आणि धावदोरा घालताना सुई अडते. अष्टकोनाचा चौकोन करायला कोपऱ्यांना साधे एकरंगी त्रिकोण पुरतात.