नव्या रंगाखाली अडलेली अर्थिंग

ट्रक नव्याने बांधून बाहेर काढला आणि चौथ्याच दिवशी सेल्फ जड फिरायला लागला. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत होती, सेल्फही उघडून पाहिला, ठणठणीत. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला टेकवली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा 2.1 व्होल्टवर! तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जायलाच नको. करंटला परतीची वाट मिळत नव्हती. अर्थिंगची पट्टी, म्हणजे चेसिसमार्गे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, सोडून पाहिली तर खाली चेसिसवर रंगाचा जाड, अखंड थर. नाण्याएवढी जागा लख्ख लोखंड दिसेपर्यंत घासली, पट्टी आवळली, गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. आता 0.2 व्होल्ट, आणि पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू. तो आवाज ऐकून फार बरं वाटलं.

साठच्या पुढे बूड थरथरायचं, ते सोपं निघालं. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे काटे, एका रेषेत नव्हते, स्लिप जॉइंट (शाफ्टचा सरकता सांधा) जोडताना दाते चुकले होते. खुणा करून पुन्हा बसवला, थरथर गेली. गाडी अजून जराशी डावीकडे ओढते. उद्या टो-इन, म्हणजे पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली आहेत ते, मोजणार आहे.