पोलो टी-शर्ट घेताना या चुका टाळा: आधी तो उलटा करून बघा

आमच्या अण्णांची कापूस पारखायची एक पद्धत आहे. बोंडातला चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, सुटलेले दोन भाग एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचा. चार-पाच वेळा असं केलं की बोटांत सरळ, समांतर तंतूंची बारीक झुपकी उरते. ती काळ्या कापडावर ठेवली की लांबी दिसते. फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर लांबवलेल्या पिकाचा, आखूड धाग्याचा माल असेल तर अण्णा तिथंच नकारार्थी मान हलवतात. आणि याच अण्णांनी दिवाळीला परभणीच्या बाजारात नातवंडांना कॉलरचे चार पोलो टी-शर्ट घेतले, ते रंग आणि चमक बघून. संक्रांतीपर्यंत चारही टी-शर्टांच्या कॉलरी वर वळल्या आणि काखेखाली गोळे आले.

चूक अण्णांची नाही. शेतात जे आपण डोळे मिटून ओळखतो, ते दुकानात विचारायचं असतं हेच आपल्याला कुणी सांगत नाही. मराठवाड्यात आखूड आणि लांब धाग्यातला फरक शाळकरी पोरालाही कळतो. हमीभावसुद्धा मध्यम आणि लांब धाग्याला वेगळा जाहीर होतो. टी-शर्टाचं आयुष्यही त्याच लांबीवर ठरतं. आखूड तंतूंची टोकं सुतातून बाहेर डोकावतात, घासली गेली की एकमेकांत गुंततात आणि गोळे होतात. म्हणून लेबलावर नुसतं ‘शंभर टक्के कॉटन’ वाचून समाधान मानू नका. ‘कोम्ब्ड कॉटन’ आहे का ते विचारा. कोम्ब्ड म्हणजे कापूस विंचरून त्यातले आखूड तंतू आणि कचरा काढून मग कातलेलं सूत. असा टी-शर्ट थोडा महाग पडतो, पण तो फरक दोन पावसाळ्यांत वसूल होतो.

दुसरी चूक हाताची आहे. दुकानात टी-शर्ट लोण्यासारखा मऊ लागतो आणि आपण भुलतो. तो मऊपणा बऱ्याचदा शेवटी लावलेल्या सॉफ्टनरचा असतो, काही धुण्यांत निघून जातो. त्यापेक्षा कापड दोन्ही हातांनी आडवं ताणून सोडा. लगेच मूळ जागी आलं तर वीण घट्ट आहे. ताणलेल्या जागी फुगा राहिला तर पोटावरही कापड तसंच लोंबणार. मग तेच कापड उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, मध्येच विरळ पट्टे नकोत.

जाड म्हणजे टिकाऊ, हाही एक पक्का गैरसमज. पोलोचं कापड साधारण 180 ते 240 जीएसएमचं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन तितके ग्रॅम. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. त्या उन्हात 240 चा टी-शर्ट अंगावर ठेवणं ही शिक्षा आहे. मी 200 च्या आसपासचा घेतो. मॅटी, म्हणजे बारीक खळगे-उंचवटे असलेली जाळीदार वीण, याच कामासाठी आहे, तिच्यातून वारा खेळतो. फ्रेंच टेनिसपटू रेने लाकोस्त 1926 मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत लांब बाह्यांचा कडक सदरा सोडून असाच अर्ध्या बाह्यांचा विणलेला शर्ट घालून उतरला, ते घामामुळेच. उन्हात घालायचं कापड म्हणूनच ते रूढ झालं.

आता खरी तपासणी. दुकानदाराला सांगा, “भाऊ, जरा उलटा करून बघतो.” चांगला माल ठेवणारा कधी नाही म्हणत नाही.

सगळ्यात आधी खांद्याची शिवण. तिच्यावर आतून एक अरुंद पट्टी शिवलेली असावी. ती नसली की विणलेलं कापड स्वतःच्याच वजनानं ताणतं आणि खांदा दंडावर उतरतो. गळ्यामागची शिवणही पट्टीनं झाकलेली हवी. उघडी असली तर मानेला टोचते आणि आधी तिथंच उसवते. मग बटणपट्टीचं खालचं टोक बघा. टी-शर्ट डोक्यातून घालताना सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. तिथं चौकोनी पक्का टाका नसेल तर तो टी-शर्ट मी परत ठेवतो, मग रंग कितीही आवडो. बटण धरून हलकं ओढा. दोरा सैल असेल तर पहिल्या महिन्यात ते अंगणात सापडेल. खालची दुमड दुहेरी टाक्याची असावी आणि ताणली तर दोरा कडकडू नये.

कॉलरीचं टोक बोटाभोवती गुंडाळून सोडा. सरळ झालं तर ठीक. कॉलर आणि अंगाचं कापड बऱ्याचदा वेगवेगळं रंगवलेलं असतं, म्हणून दोन्ही दाराशी, उन्हात नेऊन रंग जुळवा. ट्यूबलाइटखाली सगळंच जुळतं.

एक धडा मी पैसे मोजून शिकलो. गावच्या कबड्डी संघासाठी 40 टी-शर्ट एकदम सांगितले, नमुना फक्त हातात धरून बघितला. पहिल्याच धुण्यात बाजूच्या शिवणी पोटावर फिरल्या, पोरं तिरकी उभी आहेत असं वाटायचं. असं का होतं? सुताला दिलेला पीळ कापडात दबून राहतो आणि पाणी लागलं की सुटतो. कापड आधी नीट आटवून घेतलं नसेल तर तो शिवणीला ओढून नेतो. आता मी टी-शर्टवरच्या विणीच्या उभ्या रेघा बघतो. त्या बाजूच्या शिवणीला समांतर हव्यात. आणि मंडळासाठी, क्लाससाठी, संघासाठी घ्यायचे असतील तर एकच नमुना विकत आणतो, तीन वेळा धुतो, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवतो, आणि मगच बाकीचे सांगतो. व्यापाऱ्याला आठ दिवस थांबायला सांगायची लाज वाटू देऊ नका.

कापूस-पॉलिस्टर मिश्र कापडाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते. पण घामाचा वास धरून ठेवतं. दुकानदार कापूस म्हणतोय आणि शंका असेल तर आतल्या शिवणीतला सुटा दोरा नव्हे, तर कापडाचंच सूत घ्या आणि घरी येऊन जाळा. शिवणीचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो, त्यावरून फसाल. कापूस कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

धुण्यातल्या चुका तर घरोघरी आहेत. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजत घालतात. रंग रंगाईच्या वेळीच पक्का होतो, घरच्या मिठानं नाही. घेतानाच ओल्या पांढऱ्या रुमालानं आतल्या शिवणीवर घासून बघा, तेवढं पुरतं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा चोथा धाग्यात बसतो आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं. पावडर वाढवू नका. पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवा आणि एक वेळ जास्त खळबळा. मळक्या कॉलरीवर दगड-ब्रश चालवू नका, साबण चोळून अर्धा तास तसंच ठेवा, मग हातानं धुवा. ओला टी-शर्ट हँगरला टांगला की खांद्यावर शिंगं येतात. तो उलटा करून कमरेकडून दोरीवर टाका.

कॉलर वळलीच असेल तर ती ओली करून सरळ ताणा आणि उलट बाजूनं, टोकाकडून मानेकडे इस्त्री करा. आणि शेतात बाभळीच्या काट्यानं सूत ओढलं गेलं तर कात्री लावू नका. कापलं की तिथं भोक पडतं आणि ते वाढत जातं. बारीक सुई आतून घाला, बाहेर आलेला फास तिच्यात अडकवून आत ओढा, आणि आजूबाजूचं कापड चारी बाजूंनी हलकं ताणा. सूत आपल्या जागी बसतं.