संघासाठी खेळाडू घेताना या चुका टाळा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, उघडली की सराव संपल्यावर आमची पोरं घरी जात नाहीत. चहाच्या गाड्यावर मोबाईल बाहेर येतात. कोणी मँचेस्टर युनायटेडची खरेदीची यादी करतं, कोणी बार्सिलोनाची. यादीत पहिलं नाव गोल करणाऱ्या स्ट्रायकरचं, दुसरं कडेने पळणाऱ्या विंगरचं, तिसरं पुन्हा विंगरचं. सोलापुरात मी बरीच वर्षं वर्गणीवर एक छोटा क्लब चालवतोय. तिकडे हिशोब कोटींचा असतो, आमच्याकडे हजारांचा, पण चुका अगदी त्याच. दर हंगामात त्या बघवत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गळतंय कुठे ते न बघता चमकतंय तिथे पैसे ओतणं. ही मी स्वतः केली आहे.

शेजारच्या जिल्ह्यात स्पर्धा होती. वर्गणी जमली २२ हजार. कमिटीत सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "कोल्हापूरचा एक भारी स्ट्रायकर आणू." तालमींच्या संघांत खेळून तयार झालेला खेळाडू म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? मीही म्हणालो नाही. मानधन, प्रवास, राहणं धरून १४ हजार त्याच्यावर गेले. त्याच आठवड्यात आमचा गोलकीपर माझ्याकडे आला होता. ग्लोव्हजच्या तळव्याचा फोम पार उडालेला, दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली. "अण्णा, बॉल घसरायलाय. नवीन घेऊ की." नऊशे रुपयांची जोडी. मी म्हणालो, ही स्पर्धा होऊ दे, मग बघू.

सामन्याच्या आदल्या रात्री पाऊस झाला. बाराव्या मिनिटाला लांबून एक साधा फटका आला. पोरगा जागेवर होता, दोन्ही हात बॉलमागे होते, तरी बॉल तळव्यांतून सटकून आत गेला. दुसरा गोल कॉर्नरवर तसाच. पुढे आमचा पाहुणा स्ट्रायकर कमरेवर हात ठेवून उभा, कारण त्याच्यापर्यंत बॉल पोचवणारा माणूसच मधल्या फळीत नव्हता. तिथे आम्ही बचावातल्या राइट बॅकला उभं केलं होतं. ३-० ने हरलो. परतताना गोलकीपर ते ग्लोव्हज मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसला होता. चूक माझी होती आणि ती त्याच्या खात्यावर गेली, हे मला आजही लागतं.

लिव्हरपूलचं बघा. २६ मे २०१८ ला कीव्हमध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रिअल माद्रिदकडून ते ३-१ ने हरले. गोलकीपर कारियसच्या दोन चुका झाल्या, त्यातला माद्रिदच्या बेलचा लांबचा फटका तर हातांतून सुटून आत गेला. पुढच्या दोनच महिन्यांत त्यांनी रोमाकडून गोलकीपर अ‍ॅलिसनला आणलं. त्याआधी जानेवारीत साडेसात कोटी पौंडांना बचावफळीतला सेंटर बॅक व्हॅन डाइक घेतला होता आणि कुटिन्होसारखा मोहरा बार्सिलोनाला विकला होता. २०१९ ला चॅम्पियन्स लीग आली आणि २०२० ला तीस वर्षांनी इंग्लिश लीगचं विजेतेपद. विकला तो गोल करणारा-करवणारा, घेतले ते गोल वाचवणारे.

याच्या उलट २००३ चं रिअल माद्रिद. बेकहॅम आणला आणि मधल्या फळीत राबणाऱ्या मॅकलेलेला पगारवाढ न देता चेल्सीला जाऊ दिलं. पुढचे तीन हंगाम माद्रिदला स्पेनची लीग मिळाली नाही. त्याच काळात चेल्सीने मॅकलेलेला घेऊन इंग्लिश लीग दोनदा जिंकली.

क्लिपा बघून खेळाडू ठरवू नका. दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये त्याने गमावलेले बॉल कोणी दाखवत नाही.

दुसरी चूक हिशोबाची. पोरं फक्त ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडूसाठी त्याच्या जुन्या क्लबला दिलेली रक्कम, बघतात. फी ही एकरकमी उडालेली रक्कम नसते, हिशोबात ती कराराच्या वर्षांवर वाटली जाते आणि तिच्यावर दर आठवड्याचा पगार चढतो. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये एन्झो फर्नांडिसला १०.६८ कोटी पौंडांना घेतलं, करार साडेआठ वर्षांचा. म्हणजे वर्षाला साधारण सव्वा कोटी. पाच वर्षांचा करार असता तर वर्षाला दोन कोटींच्या वर गेलं असतं. कागदावर हप्ता लहान झाला, पण खेळाडू चालला नाही तर तेवढी वर्षं तो हप्ता मानेवर राहतो. ही पळवाट बघून युरोपातल्या फुटबॉलचा कारभार बघणाऱ्या युएफाने त्याच वर्षी वाटणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली. इतकं करूनही त्या हंगामात चेल्सी बारावी आली. मला हे आखूड रस्ते कधीच पटले नाहीत.

हिशोब चुकला की गुण जातात, हेही ध्यानात ठेवा. २०२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या नियमानुसार तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एव्हर्टन क्लबचे १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ वर आले. आणि करार संपल्यामुळे 'फुकट' मिळणारा खेळाडूही फुकट नसतो. फी वाचलेली तो पगारात मागून घेतो.

शेवटच्या दिवसाची घाई नको. सोलापूरच्या होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठायला आली की दुकानदार भाव पाडतात. खेळाडूंच्या बाजारात नेमकं उलटं होतं, कारण विकणाऱ्याला तुमची नड दिसत असते. ३१ जानेवारी २०११ ला लिव्हरपूलने स्ट्रायकर टोरेसला पाच कोटी पौंडांना विकलं आणि त्याच दिवशी त्याच्या जागी साडेतीन कोटींना अँडी कॅरोल घेतला. त्याने लिव्हरपूलसाठी लीगमध्ये ४४ सामन्यांत ६ गोल केले. त्याच दिवशी सुआरेझही आला, पण त्याची बोलणी आधीच पक्की झाली होती. तो किती भारी खेळला हे सांगायला नको.

एका प्रशिक्षकाच्या हट्टासाठी पाच खेळाडू घेऊ नका. तो डिसेंबरात जातो, खेळाडू राहतात.

माझी सवय अशी. शाळेच्या दोनशे पानी वहीत अकरा जागा मांडायच्या आणि प्रत्येक जागेपुढे दोन ओळी, एक खेळणाऱ्याची, दुसरी त्याच्या बदलीची. नाव, वय, किती दिवस आपल्याकडे राहणार. पेन्सिलने. दुसरी ओळ जिथे रिकामी, तिथे आधी बघायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये मधल्या फळीतल्या रॉड्रीचा गुडघा गेला आणि लागोपाठ चार वेळा लीग जिंकलेली मँचेस्टर सिटी तिसरी आली. तेवढ्या श्रीमंत क्लबकडेही त्याच्या तोडीचं नाव दुसऱ्या ओळीत नव्हतं. नवीन पोरांना ही वही कंटाळवाणी वाटते. त्यांना आजच्या आज नाव पाहिजे असतं. मी त्यांना आधी अकरा जागा भरायला लावतो, मगच नाव काढू देतो.

सध्या आमच्या वहीत लेफ्ट बॅकची दुसरी ओळ रिकामी आहे. एका शाळेच्या संघात नववीतला डाव्या पायाचा मुलगा बघून ठेवलाय. तीन सामने पूर्ण बघितले, बॉल त्याच्याकडे नसतानाही तो जागा सोडत नाही. परीक्षा झाली की त्याच्या वडिलांना भेटणार आहे. खर्च बुटांचा आणि रोजच्या रिक्षाचा. तेवढे पैसे बाजूला काढलेत, गोलकीपरचे ग्लोव्हज घेऊन झाल्यावर.