जुनी तामिया हॉर्नेट पुन्हा धावती करताना

जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने 1984 साली बाजारात आणलेली ‘हॉर्नेट’ ही रेडिओ-नियंत्रित बग्गी, जुन्या गाड्या दुरुस्त करण्याच्या छंदाची सुरुवात करण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. 1:10 प्रमाणातील या गाडीची मागची दोन चाके मोटरवर चालतात, रचना सोपी आहे, आणि 2004 मध्ये कंपनीने हेच मॉडेल पुन्हा काढल्यामुळे तिचे बरेचसे सुटे भाग नवे मिळू शकतात. मात्र ही सोयच जुन्या गाडीच्या मुळावर येते. नवे मिळते म्हणून जुने फेकत गेले, की शेवटी हाती उरते ती 2004 नंतरची गाडी. म्हणून जो भाग फिरतो, घासतो किंवा भार पेलतो तो निकामी झाला असेल तरच बदलावा आणि बाकीचे सारे जपावे, या एका नियमाने संपूर्ण काम करावे, असे माझे ठाम मत आहे. बदललेला भागही फेकू नये. चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा.

गाडी हातात आल्यावर ती लगेच चालवून पाहण्याचा मोह टाळावा. प्रथम तळाची झाकणे उघडून आत जुने सेल राहिले आहेत का, हे पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेल्या गाडीत सेल फुटून पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असणे अगदी शक्य असते. ही भुकटी बहुधा अल्कधर्मी असते आणि त्वचेला व डोळ्यांना बाधते. हातमोजे आणि चष्मा घालून, पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये कापसाचा बोळा भिजवून ती पुसावी, मग स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग कोरडा करावा. धातूची पट्टी खाली चकाकत असेल तर ती वाचली. हात लावताच तुकडा पडत असेल तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे आणि प्रत्येक ठिकाणचे स्क्रू खणांच्या डबीत वेगवेगळे ठेवावेत, कारण दिसायला सारखे स्क्रू लांबीने वेगळे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर प्लास्टिक आरपार फुटते. स्क्रू-ड्रायव्हर जपानी मानकाच्या टोकाचा, म्हणजे जेआयएस प्रकारचा वापरावा. साध्या फिलिप्स टोकाचा ड्रायव्हर या स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसत नाही. जोर लावताच निसटतो आणि खाच गुळगुळीत करून ठेवतो. गंजून अडकलेल्या स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद टेकवले की भोवतालचे प्लास्टिक किंचित सैल होते आणि स्क्रू हलक्या हाताने निघतो.

परत जोडताना याहून मोठी काळजी घ्यावी लागते. हॉर्नेटचे बरेचसे स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडून बसणारे आहेत. जुन्या भोकात स्क्रू ठेवून तो आधी उलटा फिरवावा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. तेथे जुने आटे जुळलेले असतात. तेथूनच सुलटा पिळावा आणि डोके टेकताच थांबावे. सरळ पिळायला सुरुवात केली तर नवे आटे जुन्यांना कापून पडतात, आणि असे दोन-तीन वेळा झाले की भोक कायमचे सैल होते. आटे आधीच गेले असतील तर भोकात एबीएस प्लास्टिकची बारीक काडी त्याच प्लास्टिकच्या द्रावक-सिमेंटने चिकटवावी, ती एक दिवस वाळू द्यावी आणि मग स्क्रूपेक्षा बारीक ड्रिलने नवे भोक पाडावे. चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, हीदेखील एबीएसचीच असल्याने तिच्या तडांनाही हाच उपाय चालतो. विशेषतः गिअरबॉक्स चॅसिसला जेथे जोडला जातो तो भाग नीट तपासावा, कारण मागच्या चाकांचा प्रत्येक हादरा तेथे पोचतो.

प्लास्टिकचे भाग धुण्यासाठी कोमट पाणी, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि मऊ टूथब्रश एवढे पुरते. पेट्रोल, थिनर व अ‍ॅसिटोन यांना या टेबलावर जागा नाही. अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळते आणि बॉडीचे पॉलिकार्बोनेट तडकते. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड व उन्हाच्या साहाय्याने पांढरे करण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु तो पांढरेपणा बहुधा टिकत नाही आणि चाळीस वर्षांचा रंग उतरवण्याची मला गरजही वाटत नाही.

सर्वांत जास्त वेळ गिअरबॉक्सला द्यावा. तो उघडल्यावर जुने ग्रीस धुळीत मिसळून काळा, चिकट, वाळूसारखा खरखरीत लगदा झालेला दिसेल. हा लगदा दातांना पॉलिश पेपरसारखा घासत राहतो, म्हणून तो वरवर न पुसता प्रत्येक गिअर सुटा करून धुवावा. मग गिअर उजेडात धरून दात एका बाजूने पाहावेत. चांगल्या दाताच्या दोन्ही कडा सारख्या वळणाच्या असतात, तर झिजलेला दात एका बाजूला कललेला व टोकाला धारदार झालेला असतो. असे दात दिसले तर तो गिअर आणि त्याच्याशी जुळणारा गिअर दोन्ही बदलावेत. मोटरच्या दांड्यावरचे पिनियन, म्हणजे तेथला छोटा गिअर, अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर ते लवकर झिजते. तेथे तेवढ्याच दातांचे पोलादी पिनियन बसवणे हा मूळ गाडीशी केलेला अन्याय नव्हे. पिनियनचा बारीक स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे, नाहीतर पिनियन दांड्यावर घसरते. ग्रीस दातांवर पातळ थरानेच लावावे. डबा भरल्यासारखे भरले तर मोटरवर विनाकारण ताण येतो.

चाकांच्या आसांना आधार देणारे प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश, म्हणजे साधी कडी, झिजले असतील, तर ते काढून बॉल बेअरिंग घालावेत. तामियाच्या अनेक गाड्यांत बाहेरून 11, आतून 5 आणि जाडीला 4 मिलिमीटर हे माप आढळते, तरी खरेदीपूर्वी प्रत्येक जागा व्हर्निअरने मोजावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग व हत्यारे, तर लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत वायर, कनेक्टर व सोल्डरिंगचे सामान शोधणे सोयीचे पडते.

मागच्या तेलाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून गळती होत असेल तर रबरी ओ-रिंग बदलावी. नळी उभी धरून तेल भरावे, दांडा अगदी सावकाश वर-खाली करावा आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावे. घाईने झाकण लावले तर आत हवा अडकते आणि दांडा दाबताना पचपच आवाज येतो.

विजेच्या बाजूला मूळ यांत्रिक वेग-नियंत्रक शाबूत असेल तर तो अवश्य वाचवावा. जुन्या गाडीचा स्वभाव त्यातच आहे. सर्व्होने, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर फिरणाऱ्या छोट्या मोटरने, हलणारी त्याची पट्टी तांब्याच्या संपर्कांवरून सरकते आणि कमी वेगात जास्तीची वीज रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. संपर्क 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून कोणतीही वायर त्याला टेकू देऊ नये. अशा नियंत्रकावर लिथियम-पॉलिमर बॅटरी कधीही जोडू नये, कारण व्होल्टेज उतरल्यावर पुरवठा तोडण्याची सोय त्यात नसते आणि अति उतरलेली बॅटरी पुढच्या चार्जिंगला धोकादायक ठरते. सहा सेलची 7.2 व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच वापरावी. जुना 27 मेगाहर्ट्झचा रेडिओ आठवण म्हणून जपावा आणि चालवण्यासाठी 2.4 गिगाहर्ट्झचा संच घ्यावा. मात्र गाडीत बसून इशारे घेणाऱ्या नव्या रिसीव्हरला स्वतंत्र नियंत्रित वीज लागते, ती यांत्रिक नियंत्रकातून आपोआप मिळत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. 540 प्रकारच्या मूळ मोटरच्या दोन्ही टोकांच्या बुशांना तेलाचा एकेक थेंब द्यावा, तिच्यावर डाग दिलेले तीन कपॅसिटर निखळले नाहीत ना ते पाहावे आणि मोटर आधी 3 व्होल्टवर काही मिनिटे चालू द्यावी.

बॉडीचे काम शेवटी करावे. हॉर्नेटची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असून रंग आतून दिला जातो, त्यामुळे बाहेरचे ओरखडे रंगाला इजा करत नाहीत. तडा पुढे वाढू नये म्हणून त्याच्या अगदी टोकाला 2 मिलिमीटरचे भोक पाडावे आणि आतून जाळीदार फायबरग्लासची पट्टी लवचिक चिकटद्रव्याने लावावी. ते चिकटद्रव्य आधी टाकाऊ तुकड्यावर तपासून घ्यावे. रंग पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेलाच असावा आणि पातळ थरांत द्यावा. स्टिकर लावताना पृष्ठभागावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारला की स्टिकर जागेवर सरकवता येतो; बसला की मऊ कापडाने मधून कडेकडे पाणी काढावे. मूळ स्टिकर कडेने उचकटले असले तरी वाचता येत असतील, तर माझ्या मते ते तसेच राहू द्यावेत.

टायरचे रबर बोटाने वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ते धावण्याजोगे राहिलेले नाही. जुने टायर प्रदर्शनासाठी ठेवून धावण्यासाठी नव्या आवृत्तीचे वापरावेत.

पहिल्या चाचणीत गाडी ठोकळ्यावर उचलून चाके अधांतरी ठेवावीत. ट्रान्समीटर आधी सुरू करावा आणि बॅटरी मागाहून जोडावी. बंद करताना क्रम उलटा. सर्व्हो मध्यावर आहे आणि ट्रान्समीटरवरचे बोट काढताच चाके पूर्ण थांबतात याची खात्री झाल्यावरच गाडी जमिनीवर उतरवावी. सपाट जागेवर अर्ध्या वेगाने दोन मिनिटे चालवून थांबवावी आणि मोटरच्या डब्यावर बोट टेकवून पाहावे. बोट टिकत नसेल इतका डबा तापला असेल तर गिअरबॉक्स कोठेतरी अडतो आहे असे समजावे आणि मागची चाके हाताने फिरवून तो अडथळा शोधावा. सर्व ठीक असेल तर चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण पहिल्या फेरीनंतर ते हमखास थोडे सैल होतात.