गणपतीत नेमणुका आणि सिनेमावरून वाद घालायचा तर असा घाला

गणपतीला चाकरमानी गावी आले की आरतीनंतर पडवीत गजाली रंगतात आणि बघता बघता कुठल्यातरी नेमणुकीवर नाहीतर सिनेमावर गाडी येतेच, एक काका या पक्षाचे दुसरे त्या पक्षाचे, मग विसर्जनापर्यंत दोघांचं बोलणं बंद. म्हणून राजकारण बोलूच नका असं मी अजिबात म्हणणार नाही. नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले तिथल्या माणसांनी वाद नाही घालायचा तर कोणी घालायचा? फक्त नीट घाला.

नेमणुकीचा विषय निघाला की आधी विचारा, नेमायचा अधिकार कोणाचा आणि त्या जागेला काय पात्रता लागते. तो माणूस कोणाचा हे शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. राज्यपालनियुक्त 12 आमदारांचंच घ्या, विधान परिषदेच्या 78 पैकी 12 जागा राज्यपाल भरतात आणि घटनेच्या कलम 171 मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा अशी क्षेत्रं लिहिलेली आहेत. 2020 मध्ये आघाडी सरकारने नावं पाठवली, राज्यपालांनी निर्णयच दिला नाही, 2022 मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सात जणांचा शपथविधी झाला. आता काकांना विचारा, काका, दोन्ही याद्यांतले साहित्य, विज्ञान, कला यातले किती आणि पक्षाचे किती? दोन्ही याद्या समोर ठेवल्यात की आवाज आपोआप खाली येतो, कारण कोणालाच एकट्याला जिंकता येत नाही.

पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या सरकारी संस्थेत 2015 साली अध्यक्षांच्या नेमणुकीवरून मुलांनी 139 दिवस संप केला, तेव्हाही खरा मुद्दा त्या खुर्चीला लागणारा वकूब हा होता, पण गावागावात भांडण झालं ते पक्षावरूनच.

सिनेमाचं जरा जास्त नाजूक असतं कारण तिथे माणूस रडून आलेला असतो. त्याच्या रडण्यावर बोलू नका, ते खरं असतं. सिनेमातल्या दाव्यावर बोला. "सेन्सॉरने पास केला म्हणजे खरंच असणार ना" हे वाक्य येणारच, त्याला शांतपणे सांगा की 1952 च्या कायद्याखाली मिळणारं सर्टिफिकेट सिनेमा लोकांना दाखवता येईल का आणि कुठल्या वयाला एवढंच सांगतं, इतिहास तपासून दिलेला दाखला नाही तो. दुसरं वाक्य येतं, "सरकारने टॅक्स फ्री केलाय ना". राज्य सरकार सोडतं ते फक्त स्वतःच्या वाट्याचा जीएसटी, म्हणजे मूळ तिकीट 200 चं असेल तर 36 रुपये टॅक्समधले 18. पण सरकारने त्यासाठी कुठला सिनेमा निवडला आणि का, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि जरूर विचारा. आणि कोणी थिएटर बंद पाडायच्या गोष्टी करत असेल, मग तो आपल्या बाजूचा का असेना, तर सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच सांगितलंय की पास झालेला सिनेमा निदर्शनांच्या धमकीने अडवता येत नाही.

"तुमच्या वेळेला काय झालं होतं" हा प्रश्न आला की चिडू नका, उत्तर द्या. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या राजकारणावरच्या सिनेमाच्या प्रिंट जाळल्या गेल्या हे काँग्रेसवाल्याने स्वतः बोलून दाखवावं, मग आजच्या सरकारबद्दल तो जे विचारेल त्याला वजन येतं. हेच समोरच्यालाही लागू, आपल्या पक्षाची एक चूक आधी आपण मांडायची, हा नियम बसायच्या आधीच ठरवून घ्या.

आणि ग्रुपवर अर्धी कापलेली क्लिप टाकू नका. नेमणुकीचा आदेश असेल तर अख्खा टाका, सिनेमा असेल तर न बघता मत टाकू नका, आणि वयाने मोठ्यांना ग्रुपवर कधीच उत्तर देऊ नका, फोन करा.