उतारावरची माती शेवटी वाळ्यानेच धरली
आमचं घर बडोद्यात, विश्वामित्री नदीच्या कोतराजवळ (म्हणजे पाण्याने कापलेल्या खोल घळीजवळ), दर पावसाळ्यात मागच्या उताराची माती खचायची. आधी विटांची भिंत घातली, पण पाणी निघायला भोकंच ठेवली नव्हती, मागे पाणी साठून फुगली आणि पडली, पैसे गेले ते गेलेच. मग पहिल्या पावसानंतर वाळा लावला, तोच हो, कूलरच्या जाळीतला खस. घाईत उभ्या ओळी लावल्या, त्यांच्यामधूनच पाणी धावलं आणि नवीन घळ पडली! पुढच्या वर्षी उताराला आडव्या ओळी, दोन-तीन फुटव्यांचे ठोंब 10-15 सेंमीवर, मेलेले लगेच बदलले. आडव्या कुंपणात पाणी मंदावतं, गाळ तिथेच बसतो, आणि मुळं सरळ खाली 3 मीटरपर्यंतसुद्धा जातात. बाबा म्हणायचे गवत काय माती धरणार, आता छाटायला तेच पुढे.