युकातानमधल्या माया अवशेषांकडे गाडीनं निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी तिकिटं काढण्याआधी नियम एकदा ताजा तपासा. मग गाडी. बुकिंग करताना दिसणारं भाडं पुरं नसतं. समोरच्याच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत सक्तीचा आहे, आणि क्रेडिट कार्डाचं संरक्षण बहुधा तुमच्या गाडीपुरतंच असतं. त्यामुळे काउंटरवर रक्कम फुगते. विम्यासकट एकूण आकडा आधीच लेखी मागून घ्या. अनामतीसाठी कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. गाडी ताब्यात घेताना काच, टप, चारही टायर, स्टेपनी आणि जॅक यांचा व्हिडिओ काढा.

पेसो रोख ठेवा, त्यातही ५०, १०० आणि २०० च्या नोटा. किनाऱ्यावरच्या कानकून शहरातून आतल्या वायादोलिद या छोट्या शहराकडे जाणाऱ्या १८०-डी या टोल रस्त्यावर कार्ड चालेलच असं धरून चालू नका. या रस्त्यावर पंपही विरळ, म्हणून टाकी शहरातच भरून घ्या. पेट्रोल कर्मचारीच भरतात. मीटर शून्यावर आहे ना, ते खाली उतरून पाहा. साध्या पेट्रोलला ‘मॅग्ना’ म्हणतात.

चिचेन इत्झा या प्रसिद्ध माया नगरीसाठी मुक्काम कानकूनऐवजी वायादोलिदला करा. तिथून अंतर साधारण ४५ किलोमीटर, आणि सकाळी ८ ला दार उघडताना पोचता येतं. टूरच्या बसगाड्या येण्याआधीचे दोन-अडीच तास खरे कामाचे. रविवार टाळाच, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना सवलत असल्यानं गर्दी उसळते. कानकून ज्या किंताना रो राज्यात आहे, तिथलं घड्याळ चिचेन इत्झा असलेल्या युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. जाताना तास मिळतो, पण परतीच्या विमानाच्या दिवशी तोच हातातून जातो. प्रवेशाचे पैसे राज्याचे वेगळे आणि केंद्राचे वेगळे भरावे लागतात. मोठ्या पिरॅमिडवर चढायला बंदी आहे. ड्रोन घरीच ठेवा.

कालाकमुल या जंगलातल्या माया नगरीची तयारी मात्र स्वतंत्र करा. १८६ क्रमांकाच्या महामार्गावरून कोनुआसजवळ वळलं की जंगलातून सुमारे ६० किलोमीटर आत जावं लागतं. वाटेत पंप नाही, नेटवर्कवर भिस्त ठेवता येत नाही आणि रानटर्की अचानक आडव्या येतात. महामार्गावरच्या श्पुहिल किंवा एस्कार्सेगा गावात टाकी भरा, माणशी ३ लिटर पाणी आणि डबा घ्या, नकाशा ऑफलाइन उतरवा. पैसे तीन ठिकाणी भरावे लागतात, म्हणून सुटे इथेच जास्त लागतील. उजेड असतानाच महामार्गावर परत या.

अंधारात गाडी चालवू नका, हा नियम सगळ्याच रस्त्यांना लागू. कारण ‘तोपे’, म्हणजे गतिरोधक. गावाच्या तोंडाशी ते बिनरंगाचे, बिनफलकाचे असतात आणि गाडीचं पोट घासतं. पुढच्या ट्रकनं डावा इंडिकेटर दिला, तर तो ‘पुढे जा’ म्हणत असेल किंवा खरंच डावीकडे वळत असेल. खात्री होईपर्यंत ओव्हरटेक नको. बिघाड झाला तर पर्यटकांसाठीच्या रस्ता-मदतीचा क्रमांक ०७८, आणीबाणीला ९११.

चुनखडीच्या झिजलेल्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात, तेव्हा पकड असलेले बूट घ्या. सेनोतेत, म्हणजे चुनखडीत तयार झालेल्या नैसर्गिक पाण्याच्या कुंडात, उतरण्याआधी सनस्क्रीन धुवायला लावतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट त्यापेक्षा सोयीचा. शाकाहाऱ्यांनी ‘सिन मांतेका’ (डुकराच्या चरबीशिवाय) हे शब्द पाठ करावेत, कारण साध्या दिसणाऱ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असू शकते.